गुठळी

पणदरे,
९ जून २०२५

प्रिय वन्सं,

स.न.वि.वि.

पत्र बघून दचकू नका. घरी सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून, आणि मीही तशी हिंडतीफिरती आहे. फेब्रुवारीतल्या लकव्याच्या झटक्यापासून जीभ जड झालीय, ती अजून हलकी व्हायला तयार नाही. समोर बसलेल्या माणसाला माझं बोलणं कळतं, फोनवर कळत नाही. परवा तुम्ही सारखं काय, काय विचारत राहिलात. तुमची चूक नाही त्यात, पण फोन ठेवल्यावर मला रडू आलं. गेला तो डावा हात, उजवा शाबूत आहे. म्हणून ठरवलं, वन्संशी आता लिहूनच बोलायचं.

धारा काढायचं काम तुमच्या दादांकडं गेलंय. त्यांचा हात लागला की काळी गाय पान्हा चोरते, आणि ते माझ्याकडं असं बघतात की जणू मीच तिला शिकवून ठेवलंय. मी गोठ्यात नुसती उभी राहते. उभं राहूनही दमते. सकाळी उठते तीच दमलेली उठते, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही.

रक्त तपासायला बारामतीला जावं लागतं. एकदा रक्त फार पातळ निघतं, एकदा फार घट्ट, आणि मग गोळी अर्धी वाढते नाहीतर अर्धी कमी होते. आत्याबाईंनी सुनेला ताकद यावी म्हणून रोज मेथी नाहीतर पालक लावला होता. डॉक्टर म्हणाले की पालेभाजी अशी एकदम वाढवू नका, तिच्यानं गोळीचा जोर कमी होतो. पालेभाजीत हात आखडता घ्या म्हणणारा डॉक्टर आत्याबाईंनी आजवर ऐकला नव्हता. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच डॉक्टरांना तसं सांगायला लावलं.

आता जे विचारायला बसले ते विचारते. पाचव्या महिन्यात गेलं ते बाळ, मग तिसऱ्या महिन्यात गेलं ते, त्यानंतर पाय सुजला आणि आता हा झटका. डॉक्टर म्हणतात हे सगळं एकाच आजाराचं आहे. अँटिफॉस्फोलिपिड असं काहीतरी नाव आहे, तुमच्या दादांनी फाइलवर लिहून घेतलंय. तुम्ही तिकडं रक्तावरच अभ्यास करता ना? मग मला खरं सांगा. मी काय खाल्लं, काय केलं, की माझं रक्त असं गोठतं? आत्याबाई म्हणतात अंगातली गरमी. शेजारच्या म्हणतात पायगुण. मला माझंच काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.

एक चांगली बातमी आहे. माहेरी इंदापुरात आमच्या सोनमचं लग्न जमलंय, भिगवणला. हायवेवर त्यांचं मासळीचं हॉटेल आहे, तुमच्या रंगूमावशींच्या ओळखीतलेच लोक. दिवाळीनंतरची तारीख काढायची म्हणतात. धाकटी बहीण तरी सुखाला लागली.

लोभ आहेच. तो माझ्यासारखा दमू देऊ नका.

तुमची वहिनी,
सुप्रिया


पुणे,
१९ जून २०२५

प्रिय वहिनी,

स.न.वि.वि.

होस्टेलच्या बाईंनी पत्र हातात देताना विचारलं की गावी कुणाचं काही बरंवाईट नाही ना. मी त्यांना पाकिटावरचं तुमचं अक्षर दाखवलं. म्हटलं, आमच्या घरात हे एकच अक्षर वाचता येतं. दादाचं अक्षर म्हणजे शाईत बुडून निघालेली मुंगी.

आधी उत्तर, मग बाकीचं. तुम्ही काही केलेलं नाही. खाण्यानं नाही, गरमीनं नाही, पायगुणानं तर नाहीच.

आपल्या रक्तात प्लेटलेट असतात. डेंग्यूत कमी होतात म्हणून गावात पपईच्या पानांचा रस पाजतात, त्याच. विळा लागला की त्या जखमेकडं धावतात, एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबवतात. दुसऱ्या असतात पांढऱ्या पेशी. त्या राखणदार. जंतू आले की लढतात, आणि लढताना त्यांच्या पोटातून एक प्रथिन बाहेर पडतं. त्याला कॅलप्रोटेक्टिन म्हणतात. अंगात कुठं दाह असला की ते रक्तात वाढतं. मुळात ते आपल्याच बाजूचं आहे. जंतूंना लागणारी जस्तासारखी खनिजं ते अडवून धरतं.

तुमच्या आजारात शरीर चुकून स्वतःविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं आणि ती या राखणदारांना डिवचत राहतात. शत्रू नसताना ते हे प्रथिन ओतत बसतात. आणि ते प्लेटलेटना जाऊन भिडलं की, आम्हाला दिसतंय ते असं, जखम नसतानाही त्या चिकटायला लागतात. मागं आपल्याकडं उसात बिबट्या शिरल्याची आवई उठली होती ना? पोरांनी फटाके वाजवले, सगळं गाव वाटेवर गोळा झालं आणि दुधाची गाडी अडकून पडली. बिबट्या नव्हताच. तुमच्या पायात तेच झालं, मेंदूत तेच झालं, आणि बहुतेक बाळांच्या वारेतही तसंच काही झालं असावं.

बहुतेक म्हणते, कारण हे सगळं अजून पक्कं झालेलं नाही. ते प्रथिन अडवलं तर प्लेटलेट शांत बसतात का, हे मी नळीत बघते. कधी बसतात, कधी नाही. काल एका पेशंटचं रक्त वाहतुकीत अडकून इतक्या उशिरा आलं की त्यातल्या प्लेटलेट कामाच्या राहिल्या नव्हत्या. आठवडाभराची तयारी मोरीत ओतली आणि जिन्यावर जाऊन बसले. वहिनी, मलाही दमायला होतं. पण तुमच्या दमण्यापुढं माझं काय.

खोटी आशा दाखवत नाही. या प्रथिनावर औषध अजून नाही. तुमची गोळी राखणदारांना गप्प करत नाही, ती फक्त गुठळी होऊ देत नाही. पण आज तुमच्यापाशी तेवढीच एक गोष्ट आहे, म्हणून ती चुकवायची नाही. पालेभाजी बंद करू नका, रोज सारखीच खा.

हे पत्र दादाला वाचून दाखवा. आईलाही. सोनमला सांगा, लग्नात मी सुट्टी काढून नाचणार आहे.

माया पत्रातून जेवढी मावली तेवढी पाठवलीय. उरलेली आल्यावर देईन.

तुमची,
संस्कृती


पणदरे,
१४ जुलै २०२५

प्रिय वन्सं,

स.न.वि.वि.

तुमचं पत्र तुमच्या दादांनी मोठ्यानं वाचलं. तुम्ही काही केलेलं नाही, ह्या ओळीला ते थांबले आणि ती परत एकदा वाचली. मी तोंड फिरवून बसले. त्या दिवशी मला गाढ झोप लागली.

आत्याबाई दाराशी शेंगा फोडत ऐकत होत्या. पुढच्या आठवड्यात रंगूमावशींकडं भिगवणला जावळ होतं, तिथं त्या गेल्या. तिथं चार बायकांनी विचारलं असेल की सुनेचं कसं काय. आत्याबाईंनी सांगितलं की आता डॉक्टरी पक्कं कळलं, तिच्या रक्तातच दोष आहे, आमच्या संस्कृतीनं पत्रात लिहून कळवलंय. सोनमची होणारी सासू तिथंच वाढायला होती.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. त्या लोकांनी आधी सोनमचं रक्त तपासायला सांगितलं. आमच्या वडिलांनी तेही केलं. तपासणीत काही निघालं नाही. तरी त्यांचा निरोप आला की एका आईची लेकरं, रक्त एकच, आम्हाला पुढं नातवंडं बघायचीत. मोडलं.

सोनमनं मला फोन केला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली की अक्का, तुझा आजार तुझ्यापाशी ठेवता आला नाही का? मला उत्तर द्यायचं होतं, पण जीभ अशी अडखळली की तिनं फोन ठेवला.

वन्सं, तुमच्यावर राग नाही. पण एक वाटतं. नाव नव्हतं तोवर आजार माझ्या एकटीचा होता. लोक पायगुण म्हणायचे, मी ऐकून घ्यायचे. आता त्याला नाव आलंय आणि ते नाव भिगवणपर्यंत चालत गेलंय.

तुम्हाला खोटं लिहवत नाही म्हणून सांगते. गोळी हातात घेते आणि परत डबीत ठेवते. ठरवून नाही. पाणी आणायला उठायचं, झाकण एका हातानं काढायचं, उद्या परत तेच करायचं. कशासाठी, ते आठवत नाही. तुमच्या दादांना सांगू नका.

लोभ ठेवा म्हणायलाही आज जीव नाही. तुम्ही न सांगता ठेवाल.

सुप्रिया


पुणे,
१८ जुलै २०२५

तीर्थरूप आईस,

शि.सा.न.वि.वि.

वहिनींचं पत्र आज मिळालं आणि मी लगेच दादाला फोन केला. त्यांनी सांगू नका म्हटलं होतं, तरी सांगितलं. आजपासून गोळी तो स्वतः देणार आहे आणि उद्याच बारामतीला रक्त दाखवणार आहे. तुला फोनवर बोलले तर तू मध्येच ठेवून देशील, म्हणून लिहिते. दादाकडून वाचून घे, आणि तो वाचताना गोठ्यात निघून जाऊ नकोस.

आई, चूक माझीही झाली. रक्तातली गोष्ट लिहिताना ती ऐकणाऱ्याला कशी ऐकू जाईल याचा मी विचार केला नाही. तू दोष ऐकलास. मी दोष लिहिला नव्हता. वहिनींच्या शरीरातले राखणदार चुकताहेत, एवढंच आहे. हे बेण्यासारखं माहेराहून आलेलं नाही. बहुतेक वेळा हा आजार एकाच माणसाला होतो आणि बहिणीला होत नाही. सोनमची तपासणी नीट आली, तरी तिचं लग्न मोडलं. ते आजारानं मोडलं नाही, आपल्या घरातून गेलेल्या शब्दानं मोडलं.

तू वाईट मनानं बोलली नसशील, हे मला माहीत आहे. दोन नातवंडं तुझीही गेली. कुणी कारण सांगत नव्हतं, आणि कारण मिळाल्यावर तू ते बहिणीजवळ बोललीस. पण ते तिथं संपलं नाही. तू भिगवणला जा आणि त्या लोकांना खरं काय ते तुझ्या तोंडानं सांग. लग्न परत जुळेल असं मी म्हणत नाही. तरी जा.

आणखी एक, हे नीट ऐक. वहिनींच्या गोळ्या चुकल्यात. त्यांचं तोंड एका बाजूला झालं, हात एकदम गळाला, बोलणं फाटलं, तर देवाचा अंगारा नाही, चोळणारा नाही, दादा शेतातून येईपर्यंत थांबणं नाही. मिळेल ती गाडी आणि बारामती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते वेळेतच देता येतं.

रागावलीस तरी चालेल. आशीर्वाद मात्र चालू ठेव.

तुझी,
संस्कृती


पणदरे,
२ ऑगस्ट २०२५

चि. संस्कृतीस आईचे अ.उ.आ.

तुजा दादा यशराज लिवतोय, म्या सांगतिया. मधी तुझी अक्कल घालू नगं म्हनून त्याला बजावलंय.

तुजं पत्र ऐकलं. लई राग आला. लेकीनं आईला शिकवावं एवढी मोटी झालीस व्हय? त्या राती म्या जेवले न्हाय. पन तू तोंडाचं नि हाताचं जे लिवलं हुतंस, तेवढं डोक्यात बसलं. सुप्रियाकडं येताजाता बघायचा नादच लागला.

गेल्या आठवड्यातल्या गुरवारची गोष्ट. यशराज पान्याच्या पाळीला गेला हुता, लांबच्या तुकड्यात. सुप्रिया वट्ट्यावर च्या पीत बसली हुती. म्या बोलाय गेले तर कप हातातनं सुटला आन तिनं त्येच्याकडं बघितलं बी न्हाय. तोंड उजव्या अंगाला ओघळल्यागत. म्या इचारलं काय हुतंय, तर नुसता घरघर आवाज. संस्कृती, म्या तिला सावरून धरलं. शेजारची म्हनाली तेल आना, चोळा. म्या तिला म्हनलं हात लावू नगस. रस्त्यानं लखनची दुधाची गाडी चालली हुती, तिच्याम्होरं जाऊन उबी ऱ्हायले. क्यान उतरवाय येळ न्हाय म्हनलं, तसंच चल. बारामतीपत्तूर तिचं डोकं माज्या मांडीवर आन भवती क्यान वाजत्यात. म्या तिच्या कानात बोलत हुते, काय बोलले ते आता ठावं न्हाय.

डाक्टरनं आधी रगात बघितलं, मग इंजेक्शन दिलं. म्हनाला आजी, येळेत आनलंत. पाच-सा गोळ्या घिऊन बी तिचं रगात पुरतं पातळ झालंच नव्हतं, त्येला दिवस लागत्यात म्हनं, म्हनून त्ये इंजेक्शन देता आलं. तिसऱ्या रोजी ती मला आत्याबाई म्हनाली. तोतरं म्हनाली, पन म्हनाली.

ती दवाखान्यातनं घरी आली, मग म्या भिगवनला गेले. रंगू संगं हुती. त्येंनी च्या केला, खुर्ची दिली. म्या सांगितलं, सुनंचा रोग तिच्यापुरता हाय, त्यो बहिनीत न्हाय, माजी लेक त्येच्यावरच शिकतिया, मीच वंगाळ बोलून बसले. पोराची आई म्हनाली, कुशाबाई, तुमी आलात बरं वाटलं, पन आमी दुसरीकडं शब्द दिला. म्हंजी झालं. तोंडातनं गेलं ते गेलं. भाईर पडल्याव यष्टीची वाट बघत रंगूला म्हनलं की असल्या घरात पोरगी दिली नसती तरी चाललं असतं, आन मग वाटलं, ह्ये बी मी माजंच समाधान करतिया.

तिथनं तशीच इंदापूरला गेले. सोनमनं दार उगडलं. आत या म्हनली न्हाय. म्या दारातच बोलले आन आले.

गोळीची डबी आता माज्या कमरंच्या पिशवीत असती. तू खात जा. लई वाळलीस असं यशराज म्हनतो.

तुजी आई,
कुशाबाई


पणदरे,
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय वन्सं,

स.न.वि.वि.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण पेन धरला तरी वाक्य संपायच्या आत डोळे मिटायचे. आता थोडं बरं आहे. फार बरं नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या राहिल्यात, अक्षरावरून कळेल तुम्हाला. आता दादांना हसू नका.

सोनम आली होती. आठवडाभर राहिली. पहिले दोन दिवस नुसती कामं करत होती, भांडी आपटत. तिसऱ्या दिवशी माझे केस विंचरताना रडायला लागली आणि म्हणाली की तू मेली असतीस तर माझं शेवटचं बोलणं तेच राहिलं असतं. मी म्हटलं की मेले नाही ना, मग बोल काहीतरी दुसरं. तर तिनं भिगवणच्या पोराची नक्कल करून दाखवली. आता ती बारामतीत संगणकाचा कोर्स लावणार म्हणते. आमच्यातलं सगळं निवळलं असं नाही लिहीत. जाताना तिनं मिठी मारली, पण आत्याबाईंच्या पाया पडली नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या तपासणीला तुमच्या दादांनी डॉक्टरांना मुलाचं विचारलं. डॉक्टरांनी आम्हाला शांतपणे बसवून सांगितलं. या आजारातही पुष्कळ बायकांना मूल होतं, त्यासाठी ही गोळी बंद करून पोटावर रोज इंजेक्शनं घ्यावी लागतात. पण माझे दोन झटके झालेत. दिवस गेले की रक्त आणखी गोठायला बघतं. माझ्या जागी त्यांची लेक असती, तर ते तिला नको म्हणाले असते.

परत येताना आम्ही रस्त्याकडेला रसवंतीवर थांबलो. तुमचे दादा म्हणाले की तू सांगशील तसं. वन्सं, मला मूल हवं होतं. नको असं कधीच म्हणणार नाही. पण पोट भरून येण्याची आशा, मग ते जाणं, मग लोकांचं बघणं, हे सगळं परत पहिल्यापासून करायला माझ्यात काही शिल्लक नाही. मी म्हटलं की मला आता नको, मी दमले. त्यांनी मान हलवली आणि रसाचे दोन्ही ग्लास स्वतःच परत नेऊन ठेवले. मग त्यांना तिथं बराच वेळ लागला.

आत्याबाईंना मीच सांगायचं ठरवलं. त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको होतं. स्वयंपाक होत आला होता. माझी जीभ अशी, एकेका शब्दाला थांबा घ्यावा लागतो. तरी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं आणि माझं. या घराला आता माझ्याकडून नातू नाही, असं शेवटी म्हटलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी त्यांनी ती उलटली नाही.

मला वाटलं, आता उठून गोठ्यात जातील. गेल्या नाहीत. तवा उतरवला. मग म्हणाल्या की तुझ्या सासऱ्यांना पोचवलं, दोन न बघितलेली लेकरं पोचवली, त्या दिवशी दुधाच्या गाडीत तुलाबी पोचवून आले असं वाटलं हुतं. आता मला कुनालाच पोचवायचं न्हाय. लेकरू न्हाय तर न्हाय. तू ऱ्हा.

मी उजव्या हातानं दोन ताटं पुढं ओढली.

त्यांनी करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली, चांगली माझ्या ताटात वाढली आणि म्हणाल्या की गार व्हायलीय, खा.

तुमचा लोभ इथवर पोचतो, तो असाच येऊ द्या.

तुमची वहिनी,
सुप्रिया